स्नॅचचे अध्यापन : नियम, साधने आणि नवशिका भारोत्तोलक

भारोत्तोलनाचा इतिहास आजवर बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी, कोठे, किती किलोग्रॅम उचलले याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु उचलण्याची रीत नवशिक्याला कशी शिकविली जात असे, ती केव्हा व कोणत्या कारणाने बदलली, याचा विचार त्यामानाने थोडाच झाला आहे. स्नॅच या प्रकाराच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच वस्तुतः अधिक महत्त्वाचा आहे. जमिनीवरचा दांडा एकाच अखंड क्रियेत, मध्ये कोठेही न थांबता, सरळ हातांनी डोक्यावर नेऊन स्थिर करणे हे स्नॅचचे स्वरूप होय. दांडा जमीन सोडतो तेव्हापासून शरीर पूर्ण ताणले जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. एवढ्या अवधीत विचार करून चूक सुधारणे कोणालाही शक्य नाही. म्हणून जे शिकवायचे ते आधीच शिकवावे लागते आणि जे चुकीचे शिकविले गेले ते पुढे वर्षानुवर्षे अंगात मुरून राहते.

या शिकवणीचा मागोवा घेतला असता एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. नवशिक्याला शरीराचा धर्म म्हणून जे सांगितले गेले, त्यातील बराच भाग त्या त्या काळच्या स्पर्धानियमांचा आणि लोखंडी साधनांचा परिणाम होता. पुढे नियम बदलला, साधनही बदलले. शिकवण मात्र गुरूकडून शिष्याकडे तशीच चालत राहिली. शरीराची गरज कोणती आणि जुन्या नियमाचा अवशेष कोणता, हा विवेक ज्या थोड्या शिक्षकांनी केला, त्यांच्यामुळे स्नॅचचे अध्यापन पुढे सरकले.

रीत आणि बळ यांच्यातील वाद ऑलिंपिक भारोत्तोलनाच्या पहिल्याच दिवशी उपस्थित झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८९६ साली अथेन्स येथे दोन प्रकार ठेवण्यात आले होते : दोन्ही हातांनी उचलणे आणि एका हाताने उचलणे. दोन्ही हातांच्या प्रकारात डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलोग्रॅम उचलले. ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी येन्सनची उचलण्याची ढब अधिक नेटकी होती असे ठरवून त्यास पहिला क्रमांक दिला. एका हाताच्या प्रकारात एलियटने ७१ किलोग्रॅम उचलून त्याची भरपाई केली. (हा एलियट जन्माने तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला, कलादगीचा होता, पण तेथील तालमींशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) ढब ही दिसण्याची बाब आहे, सौंदर्याची आहे, ही त्या निर्णयामागची समजूत होती. रीतीमुळे वजनच अधिक उचलता येते, ही जाणीव त्यात नव्हती. पुढील तीस वर्षे शिक्षणाचा भर बळावर राहिला, याचे एक कारण ही समजूत होय.

स्नॅच हा स्वतंत्र प्रकार म्हणून ऑलिंपिकमध्ये १९२० साली अँटवर्प येथे आला तो एका हाताचा. १९२४ साली पॅरिस येथे पाच प्रकार होते व त्यांत एका हाताचा आणि दोन्ही हातांचा असे स्नॅचचे दोन भेद होते. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे एकहाती प्रकार गळाले आणि प्रेस, स्नॅच व क्लीन अँड जर्क ही त्रयी स्थिर झाली. ती १९७२ पर्यंत टिकली. एकहाती स्नॅच जरी गेला, तरी त्याच्या शिकवणीची छाया काही काळ दोनहाती स्नॅचवर पडलेली दिसते. दांडा जितका उंच ओढता येईल तितका ओढावा आणि अखेरच्या क्षणी थोडेसे खाली वाकून हात सरळ करावा, ही ती जुनी कल्पना.

याच सुमारास साधनात एक मोठा फरक पडला. जुन्या दांड्याच्या टोकांना गोळे किंवा चकत्या पक्क्या बसविलेल्या असत. स्नॅचमध्ये दांडा छातीच्या उंचीवर आल्यावर मनगटे त्याच्याभोवती उलटावी लागतात. दांडा व चकत्या एकजीव असतील तर एवढ्या वजनाच्या फिरण्याची सारी ओढ मनगटावर येते. न्यूरेंबर्गच्या कास्पर बेर्ग यांच्या कारखान्याने १९२० च्या दशकात फिरत्या टोकांचे दांडे प्रचारात आणले, तेव्हा मनगटे मोकळी झाली. पुढे स्वीडनमधील हाल्मस्टाड येथील एलिको या कारखान्याने १९५७ पासून अधिक लवचीक पोलादाचे दांडे तयार केले व १९६३ च्या स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेत ते वापरले गेले. 'मनगट घट्ट धरून दांडा वर फेका' ही आज्ञा पहिल्या दांड्याला योग्य होती. दुसऱ्या दांड्यावर ती निरर्थकच नव्हे, तर अपायकारक ठरली. तरीही ती अनेक व्यायामशाळांतून ऐकू येत राहिली.

दांड्याखाली कसे जावे हा स्नॅचच्या अध्यापनातील सर्वांत दीर्घ चाललेला वाद होय. एक पक्ष 'स्प्लिट' पद्धतीचा : एक पाय पुढे, एक मागे टाकून शरीर खाली घ्यावे. दुसरा पक्ष 'स्क्वॉट' पद्धतीचा : दोन्ही पाय बाजूस सरकवून पूर्ण बैठकीत जावे. फ्रान्समध्ये व इतर अनेक देशांत पहिली पद्धत रूढ होती. दुसरी पद्धत १९३० च्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियाकडील काही उचलकांनी वापरली, पण ती पुष्कळ दिवस अपवादच मानली गेली.

स्प्लिटचा पक्ष मूर्खपणाचा नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण नंतरच्या लेखकांनी त्याची थट्टाच अधिक केली आहे. डोक्यावर वजन असताना तोल जातो तो बहुधा पुढे किंवा मागे जातो. स्प्लिटमध्ये पुढल्या पावलापासून मागल्या पावलापर्यंत लांब आधार मिळतो. बैठकीत मात्र पावलाच्या लांबीएवढाच. दांडा चार बोटे पुढे आला तरी स्प्लिटवाला पुढचा पाय सरकवून तो वाचवू शकतो. बैठकीतल्या उचलकाला तो सोडून द्यावा लागतो. आणि त्या काळी सोडून देणे ही साधी गोष्ट नव्हती. चकत्या लोखंडी होत्या आणि खालची जमीन लाकडी किंवा सिमेंटची होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रबरी चकत्या आल्या. तोपर्यंत दांडा डोक्यावरून पुढे वा मागे टाकून द्यायचा तर साधन, जमीन आणि शेजारी उभा असलेला सोबती या तिघांचाही विचार करावा लागे. अशा स्थितीत नवशिक्याला बैठकीत पाठविण्यास शिक्षक कचरत असतील तर त्यात नवल नाही. त्यांची सावधगिरी साधनाने शिकविली होती. दोष आहे तो एवढाच की, तीच सावधगिरी पुढे शरीरशास्त्राचे रूप घेऊन बसली आणि 'सामान्य माणसाला पूर्ण बैठकीत वजन तोलणे जमत नाही' असा सिद्धान्त तीतून निघाला.

या सिद्धान्ताला उघड आव्हान दिले ते अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या कारखानदारी गावातील लॅरी बार्नहोल्ट या शिक्षकाने. 'अमेरिकन कॉलेज ऑफ मॉडर्न वेटलिफ्टिंग' असे भारदस्त नाव असलेली त्याची संस्था नावाच्या मानाने अगदीच लहान होती. परंतु तिचा मुख्य विषयच मुलांना शिकविणे हा होता. १९५० साली बार्नहोल्टने स्क्वॉट स्नॅचवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. बैठकीतला स्नॅच ही काही जन्मजात देणगी नाही, ती क्रमाने शिकविता येणारी विद्या आहे, हे त्याचे म्हणणे. त्याचा शिष्य पीट जॉर्ज याने १९४७ साली फिलाडेल्फिया येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक सुवर्णपदक. जॉर्जने पौगंडावस्थेतच बैठकीची रीत आत्मसात केली होती. म्हणजे या पद्धतीचा विजय एखाद्या असामान्य बलवानाच्या उदाहरणाने झालेला नाही. एका शिक्षकाने मुलांवर दीर्घकाळ केलेल्या प्रयोगाने झाला आहे. विक्रमांच्या याद्या चाळणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

बैठकीचे बलस्थान साध्या यांत्रिकीत आहे. स्प्लिटमध्ये शरीर जितके खाली जाते त्याहून पूर्ण बैठकीत अधिक खाली जाते. म्हणून दांडा कमी उंच ओढला तरी भागते. तेवढ्याच ताकदीने अधिक वजन त्या कमी उंचीपर्यंत नेता येते. मात्र याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ओढ जितकी आखूड, तितकी दांड्याची वाट अचूक हवी. बळाने भरून काढण्यास तेथे जागाच उरत नाही. स्प्लिट पद्धतीत ओढीतील चूक पाय झाकतात. बैठकीत ती तत्काळ उघडी पडते. अध्यापनाच्या दृष्टीने या पद्धतीचे खरे मोल येथेच आहे. तिने शिक्षकांचे लक्ष शेवटच्या मुद्रेवरून काढून दांडा जमिनीवरून सुटण्याच्या क्षणाकडे वळविले.

संक्रमण मात्र सावकाश झाले. १९६० साली रोम येथे सोव्हिएत संघाच्या युरी व्लासॉव्हने सर्वांत जड गटात १५५ किलोग्रॅमचा स्नॅच केला तो स्प्लिटनेच; अमेरिकेचा नॉर्बर्ट शेमान्स्की याचीही तीच पद्धत होती. असे दिग्गज डोळ्यांसमोर असताना जुने शिक्षक आपली रीत सोडण्यास तयार नव्हते, आणि विजेत्याच्या उदाहरणापुढे युक्तिवाद सहसा टिकत नाही. १९७० च्या दशकात वरच्या दर्जाच्या स्पर्धांतून स्प्लिट स्नॅच जवळजवळ दिसेनासा झाला.

आता दुसरी गोष्ट. दांड्याची वाट हा विषय उपस्थित झाला की जुन्या नियमाचा एक चमत्कारिक परिणाम समोर येतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ओढताना दांडा मांड्यांना लागता कामा नये असा नियम होता. मांडीचा आधार घेऊन वजन ढकलले जाऊ नये, हा त्याचा हेतू. परिणाम असा झाला की, शिक्षक नवशिक्यास दांडा अंगाजवळ, पण अंगापासून वेगळा ठेवण्यास शिकवीत. हे कसब फार अवघड आहे. बहुसंख्य नवशिके नियमभंगाच्या भीतीने दांडा दूर ठेवत. दांडा दूर गेला की भार पायाच्या बोटांवर येई, आणि उचलक दांड्यामागे पुढे उडी मारी. 'पुढे उडी' हा नवशिक्याचा स्वाभाविक दोष म्हणून अनेक वर्षे सांगितला गेला. वास्तविक त्याचा बराचसा अंश नियमपुस्तकातून आलेला होता.

नियम शिथिल होऊन दांडा मांड्यांना घासून जाणे वैध ठरले, तेव्हा ओढीचे रूपच पालटले. दांडा गुडघ्यांच्या वर आल्यावर गुडघे पुन्हा किंचित वाकून दांड्याखाली येतात, धड उभे होते आणि मग नितंब, गुडघे व घोटे एकदम ताणले जातात. 'गुडघ्यांचे दुसरे वाकणे' या नावाने ही क्रिया ओळखली जाते. चांगले उचलक ती नकळत करीतच असत. नव्या नियमाने तिला मोकळीक मिळाली. रॉजर एनोका यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या ओढीतील बलाचे मापन आहे : आधी पावलांखालचा दाब वाढतो, मध्ये क्षणभर उतरतो आणि नंतर पुन्हा उसळतो. मधला उतार म्हणजे गुडघे दांड्याखाली येण्याचा क्षण. त्याआधी तो दुबळेपणा समजला जाण्याचा संभव होता. आता तो पुढील उसळीची तयारी आहे हे उघड झाले.

येथे अध्यापनाचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ही क्रिया नवशिक्याला नाव घेऊन शिकवावी काय? काही शिक्षकांनी 'आता गुडघे वाकव' अशी आज्ञा देण्यास सुरुवात केली आणि शिष्य ओढीच्या मध्यावर थबकू लागले. सेकंदाच्या अंशात घडणारी क्रिया आज्ञेने घडविता येत नाही. सुरुवातीची ठेवण बरोबर असेल आणि दांडा अंगालगत राहील तर ती आपोआप घडते. शास्त्राने जे वेगळे करून पाहिले, ते शिकवतानाही वेगळे करून सांगितलेच पाहिजे, असे नाही. या नियमबदलाने नवा दोषही जन्मास घातला. दांडा नितंबांपाशी स्पर्श करतो हे पाहून अनेक नवशिके दांड्यावर मुद्दाम कमरेचा आघात करतात. दांडा मग शरीरापासून पुढे फेकला जातो आणि मोठा वळसा घेऊन डोक्यामागे येतो. जुन्या काळचा नवशिका स्पर्श टाळण्यासाठी दांडा दूर नेई, नवा नवशिका स्पर्श करण्याच्या हव्यासाने दूर नेतो. दोष एकच, कारणे परस्परविरुद्ध. त्यामुळे एका काळचा उपाय दुसऱ्या काळी लागू पडत नाही.

सोव्हिएत संघात स्नॅचच्या अध्यापनाला शास्त्रीय विषयाचे रूप आले. अर्काडी व्होरोब्यॉव्ह हे १९५६ व १९६० सालचे ऑलिंपिक विजेते, व्यवसायाने वैद्य आणि पुढे प्रशिक्षक व ग्रंथकार. अलेक्सेई मेद्वेदेव हेही जागतिक विजेते असून नंतर अध्यापन-संशोधनाकडे वळले. रोमान आणि शाकिर्झ्यानॉव्ह यांचा स्नॅच व क्लीन अँड जर्क यांवरील ग्रंथ १९७८ साली निघाला. त्यात नामवंत उचलकांच्या चित्रफितींच्या आधारे दांड्याच्या वाटा रेखाटून दाखविल्या आहेत. ती वाट सरळ उभी रेषा नसते. दांडा प्रथम किंचित उचलकाकडे येतो, मग थोडा पुढे जातो आणि अखेरीस पुन्हा मागे वळून डोक्यावर स्थिरावतो. 'दांडा सरळ वर ओढा' ही शिक्षकांची आवडती आज्ञा या आकृत्यांपुढे टिकत नाही.

सोव्हिएत अध्यापनक्रमाचे वैशिष्ट्य म्हणजे क्रियेचे तुकडे करून ते उलट क्रमाने जोडणे. नवशिका प्रथम हलक्या दांड्याने डोक्यावरची बैठक शिकतो, म्हणजे दांडा वर धरूनच खाली बसणे व उठणे. मग दांडा मांडीच्या वरच्या भागापासून उचलतो, नंतर गुडघ्याच्या वरून, नंतर गुडघ्याखालून, आणि सर्वांत शेवटी जमिनीवरून. सर्वांत अवघड भाग, म्हणजे शेवटची उसळी आणि दांड्याखाली जाणे, प्रथम शिकला जातो. तो अंगवळणी पडल्यावर मागचा मागचा भाग जोडला जातो. बल्गेरियात १९६९ पासून राष्ट्रीय प्रशिक्षक असलेल्या इव्हान अबाजिएव्ह यांनी पुढे साहाय्यक व्यायाम कमी कमी करून मुख्य उचलींवर सारा भार दिला, व १९७२ साली म्यूनिक येथे बल्गेरियाने भारोत्तोलनात तीन सुवर्णपदके मिळविली. हे यश पाहून कित्येक ठिकाणी नवशिक्यांनाही प्रत्यही पूर्ण स्नॅच, तोही जड वजनाचा, करावयास लावण्यात आले. ही गफलत होती. अबाजिएव्ह यांची पद्धत ज्यांची रीत पक्की झाली आहे अशा निवडक उचलकांसाठी होती. तिच्यात रीत शिकविण्याची सोय नाही, कारण तशी तिला गरजच नव्हती.

विजेत्याच्या अनुकरणाचे आणखी एक बोधक उदाहरण जपानचे आहे. योशिनोबू मियाके याने १९६४ साली टोकियो येथे आणि १९६८ साली मेक्सिको येथे सुवर्णपदक मिळविले. त्याची प्रारंभीची ठेवण विलक्षण होती : टाचा जवळजवळ, गुडघे दोन्ही बाजूंना पूर्ण उघडलेले. बेडकाची ठेवण असे तिला म्हणत. ज्याच्या नितंबांचे सांधे तसे वळतात त्याला तीमुळे धड अधिक उभे ठेवता येते व दांडा अंगाजवळ राहतो. ज्याचे वळत नाहीत त्याचे गुडघे ओढ सुरू होताच आत येतात आणि सारा डाव मोडतो. मियाकेचे अनुकरण पुष्कळांनी केले. लाभ थोड्यांना झाला. ठेवण ही हाडांच्या लांबीवर व सांध्यांच्या घडणीवर अवलंबून असते, आणि तिचे एकच योग्य रूप शोधणे व्यर्थ आहे, हे या प्रकरणातून शिक्षकांना हळूहळू उमगले. जे सर्वांना समान आहे ते थोडेच : दांडा पावलाच्या मध्यावर असावा, पाठ ताठ असावी, जमीन सुटताना नितंब खांद्यांच्या आधी वर जाऊ नयेत, आणि पाय व धड यांचे काम संपेपर्यंत हात सरळ राहावेत.

म्यूनिकनंतर प्रेस हा प्रकार रद्द झाला. उचलक मागे वाकून तो करू लागले होते व त्याचे न्यायनिर्णय करणे अशक्यप्राय झाले होते. १९७६ साली माँट्रियल येथे दोनच प्रकार उरले. एकूण वजनात तिसऱ्या भागाचा धनी असलेला स्नॅच आता दोघांतील एक झाला. प्रेससाठी घडविलेले जाड, ताठर खांदे बैठकीतल्या स्नॅचला अडचणीचे होते. नव्या पिढीला त्यांची आवश्यकता उरली नाही.

स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे झाली आणि ऑलिंपिकमध्ये त्यांना २००० साली सिडनी येथे प्रवेश मिळाला. साधन शिकवणीवर कसे अधिकार गाजविते, याचे येथेही प्रत्यंतर येते. पुरुषांचा दांडा २० किलोग्रॅमचा व २८ मिलिमीटर जाड असतो. स्नॅचमध्ये अंगठा दांड्याला वेढून त्यावर बोटे घट्ट आवळावी लागतात. लहान हाताच्या मुलीला या जाडीवर ती पकड नीट बसत नाही, आणि पकड सुटेल या भीतीने हात आधीच वाकतात. स्त्रियांसाठी १५ किलोग्रॅमचा व २५ मिलिमीटर जाडीचा दांडा पुढे मान्य झाला. तोपर्यंत 'मुली हातांनी ओढतात' हा जो आक्षेप घेतला जाई, त्यातील काही भाग दांड्याच्या जाडीच्या नावे लिहावयास हवा.

भारतात भारोत्तोलन महासंघाची स्थापना १९३५ साली झाली आणि १९३६ साली बर्लिन येथे ब्रह्मदेशीय झॉ वेक हा भारतातर्फे उतरला. प्रशिक्षकांना पद्धतशीर शिक्षण देण्याची सोय पतियाळा येथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडासंस्था निघाल्यानंतर झाली. तत्पूर्वीचे वातावरण तालमीचे होते. महाराष्ट्रातील तालमींची शिक्षणपरंपरा किती समृद्ध होती, हे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'वरून दिसते. तालमीत वस्ताद पोराला आधी जोर-बैठका काढावयास लावतो, अंग तयार झाल्यावर डाव देतो. 'आधी बळ, मग रीत' हा क्रम कुस्तीत चालतो, कारण तेथे सरावाचा जोडीदार कमी-अधिक बळाचा निवडता येतो आणि डाव सावकाश फिरवून दाखविता येतो. स्नॅचमध्ये तो उलटतो. रीत नसताना मिळविलेले बळ चुकीच्या ओढीलाच पक्के करते. देशी बैठकही येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. ती टाचा उचलून चवड्यांवर काढली जाते, तर स्नॅचच्या बैठकीत संपूर्ण पाऊल जमिनीला टेकलेले हवे. उलट, टाचा टेकवून उकिडवे बसण्याची आपल्याकडील नित्याची सवय बार्नहोल्टच्या अ‍ॅक्रनमधील मुलांपाशी नव्हती. एतद्देशीय नवशिक्याची ही जमेची बाजू शिक्षकांनी फारशी हिशेबात घेतलेली दिसत नाही.

लहान व्यासाच्या लोखंडी चकत्यांनी आणखी एक घात केला. स्पर्धेतील मोठ्या चकतीचा व्यास ४५० मिलिमीटर असतो व त्यामुळे दांड्याची जमिनीपासूनची उंची ठरते. नवशिक्याला झेपेल इतके थोडे वजन लहान चकत्यांनी लावले की दांडा फार खाली येतो, पाठ गोल होते, आणि जी ठेवण शिकवायची तीच पहिल्या दिवसापासून बिघडते. दांड्याखाली लाकडी ठोकळे ठेवणे हा उपाय स्वस्त व सोपा आहे. तो जेथे झाला नाही, तेथे दोष शिष्याच्या पाठीला दिला गेला.

आकडे काय सांगतात, तेही पाहण्याजोगे आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोग्रॅम गटात चीनच्या हौ झिहुई हिने स्नॅचमध्ये ९४ व क्लीन अँड जर्कमध्ये ११६ किलोग्रॅम उचलून सुवर्णपदक मिळविले. रौप्यपदक विजेत्या मीराबाई चानू हिचे आकडे ८७ व ११५ असे होते. दोघींमध्ये एकूण ८ किलोग्रॅमचे अंतर. त्यांतील ७ स्नॅचमधले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ताश्कंद येथील आशियाई स्पर्धेत मीराबाईने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोग्रॅमचा जागतिक विक्रम केला होता, तर स्नॅचमध्ये ती ८६ वर थांबली होती. यावरून 'भारतीयांचा स्नॅच कच्चा' असे सरसकट अनुमान काढण्याची प्रवृत्ती आढळते. ते घाईचे होईल. २००० साली सिडनी येथे ६९ किलोग्रॅम गटात कांस्यपदक मिळविणाऱ्या कर्णम मल्लेश्वरीचा स्नॅच ११० किलोग्रॅमचा, म्हणजे सुवर्णपदक विजेत्या लिन वेइनिंगच्या बरोबरीचा होता. ती मागे पडली ती दुसऱ्या प्रकारात. मीराबाईच्या बाबतीत खांद्याची जुनी तक्रार होती आणि तीवरील उपचारांसाठी ती २०२० च्या अखेरीस अमेरिकेत गेली होती. सांध्यातील अडचण आणि शिकवणीतील उणीव यांची सरमिसळ झाली की निदान चुकते, एवढेच या आकड्यांवरून सावधपणे म्हणता येईल.

अलीकडच्या काळात नवशिका या शब्दाचा अर्थच बदलला आहे. सोव्हिएत अध्यापनक्रम बारा-तेरा वर्षांच्या, निवड करून घेतलेल्या मुलांसाठी रचलेला होता. अँड्र्यू चार्निगा यांच्या भाषांतरांमुळे तो इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला, आणि २००० नंतर क्रॉसफिटच्या प्रसाराबरोबर स्नॅच हा तिशी-चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या स्त्रीपुरुषांचाही व्यायाम झाला. माइक बर्गनर यांच्यासारख्या शिक्षकांनी वजनाऐवजी साधी पोकळ नळी हातात देऊन आरंभीचे पाठ बसविले. क्रम पुन्हा वरून खालीच. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत जी पहिली पायरी, तीच या प्रौढ नवशिक्याची सर्वांत मोठी अडचण असते : डोक्यावर दांडा धरून पूर्ण बैठकीत जाणे त्याच्या खांद्यांना व घोट्यांना जमत नाही. मग तो पायरी न ओलांडताच पुढे नेला जातो, किंवा महिनोन्‌महिने तीच पायरी गिरवीत बसतो.

अशा नवशिक्यासाठी काही शिक्षकांनी पूर्ण बैठकीचा आग्रह बाजूस ठेवून अर्ध्या बैठकीतला स्नॅच आधी शिकविण्याचा मार्ग धरला आहे; ओढ तीच राहते, फक्त खाली जाणे थोडे होते. काहींनी तर स्प्लिट पुन्हा बाहेर काढला. पुढे-मागे लांब आधार, खांद्यांवर कमी ताण आणि घोट्यांची फारशी परीक्षा नाही, हे त्याचे जुने गुण येथे पुन्हा उपयोगी पडतात. नियमपुस्तकाने स्प्लिट कधीच बाद केला नव्हता. प्रौढांच्या स्पर्धांतून आजही एखादा उचलक एक पाय पुढे व एक मागे टाकून दांड्याखाली जाताना दिसतो आणि पंच तो वैध ठरवितात.